न दिसणारे पाणी आणि हलती चित्रे

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावर तळेघर हे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा मुलूख म्हणजे पावसाचे माहेरच होय. भीमाशंकरच्या परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर १०,००० लिटर पाणी. या हिशेबाने तेथील एका हेक्टरावर एका पावसाळ्यात ३ कोटी लिटर पाणी पडते. असे असूनही होळी सरली की या डोंगराळ भागातील अनेक वाड्यावस्त्यांचे झरे बारीक होतात, विहिरींचे तळ दिसू लागतात आणि हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना दूरचा चढउतार तुडवावा लागतो. जवळच डिंभे धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे; परंतु तो घोड नदीच्या खोऱ्यात खाली आहे आणि त्याचे पाणी कालव्यांवाटे पूर्वेकडील शेतीस जाते. डोंगरावरच्या वाडीस मात्र आपल्याच डोंगराच्या पोटातील पाण्यावर विसंबून राहावे लागते.

धो धो पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी का नसावे, या कोड्याचे उत्तर जमिनीखाली आहे. अडचण अशी की, जमिनीखालचे पाणी कोणीच डोळ्यांनी पाहिलेले नसते. नांगर, बियाणे किंवा खत शेतकऱ्याच्या हातात देऊन दाखविता येते. परंतु खडकाच्या भेगेतून सरकणारे पाणी हातात देता येत नाही. तक्ते व आलेख कार्यकर्त्यास कळतात, पण ग्रामसभेत ते फारसे उपयोगी पडत नाहीत. २०२२ साली जागतिक जल दिनासाठी 'भूजल : अदृश्यास दृश्य करणे' अशा अर्थाचे सूत्र निवडण्यात आले होते, त्यामागे हीच अडचण होती. ती दूर करण्याचे एक सोपे साधन म्हणजे हलती चित्रे. यांसच ॲनिमेशनपट अथवा लोकांच्या बोलीत कार्टून असे म्हणतात. हे साधन लहान मुलांच्या करमणुकीचे आहे, असा समज असल्यामुळे त्याकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. वास्तविक योग्य रीतीने वापरल्यास ते विस्तार कार्याचे उत्तम अवजार आहे. मात्र चुकीचे चित्र दाखविले गेले तर लोक चुकीच्या कामावर पैसा व श्रम खर्च करतात. म्हणून हे अवजार हाती घेण्यापूर्वी ते नीट समजून घेतले पाहिजे.

पाणी जाते कोठे?

चित्र काढण्यापूर्वी चित्राचा विषय माहीत हवा. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले व त्यांतून सह्याद्रीचे हे डोंगर घडले. टोपलीत भाकऱ्या एकावर एक ठेवाव्यात तशी त्यांची रचना आहे. बहुतेक थरांचा वरचा भाग बारीक छिद्रांचा व भेगांचा असतो. त्यास मांजऱ्या खडक म्हणतात. खालचा भाग घट्ट कातळाचा असतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. सर्वांत वर माती व मुरूम असतो आणि घाटमाथ्यावर काही ठिकाणी जांभा खडकही दिसतो.

पावसाचे पाणी माती व मुरुमातून खाली झिरपते. घट्ट कातळ लागला की त्यास खाली वाट राहत नाही. मग ते आडवे सरकू लागते. डोंगराचा उतार ज्या ठिकाणी त्या थरास कापतो, त्या ठिकाणी ते बाहेर पडते. यालाच आपण झरा म्हणतो. झरा म्हणजे पाताळातून वर आलेले पाणी नव्हे; तो वरच्या अंगास पडलेला पाऊस आहे, फक्त सावकाश व उशिराने आलेला.

आता डोंगराची कोठी केवढी आहे ते पाहावे. मुरूम व मांजऱ्या खडकाच्या शंभर घनमीटरांतून विहिरीस किंवा झऱ्यास देता येईल असे पाणी साधारणतः एक ते तीन घनमीटरच असते. एका हेक्टराखाली पाच मीटर जाडीचा थर पूर्ण भरला आणि त्यात दोन टक्के पाणी धरले, तर साठा होतो १० लाख लिटर. पाऊस पडला ३ कोटी लिटर आणि कोठीत मावले १० लाख लिटर, म्हणजे तिसावा हिस्सा! पावसाळ्याच्या आरंभीच ही कोठी भरून जाते; त्यानंतरचा बहुतेक पाऊस ओढ्यांवाटे निघून जातो. शिवाय डोंगर उतरता असल्यामुळे या कोठीला खालून गळती असते. पाऊस थांबला की ती रिकामी होऊ लागते आणि माघ-फाल्गुनापर्यंत तिचा तळ दिसतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. तळेघरच्या बाजूस पाऊस कमी नाही व पाणी मुरतही नाही असे नाही. तेथे कोठी लहान आहे आणि ती गळकी आहे. दुष्काळी भागातील दुखणे वेगळे व येथील दुखणे वेगळे. दुखणे वेगळे असेल तर औषधही वेगळे हवे, आणि ते औषध सांगणारे चित्रही वेगळेच हवे.

हलत्या चित्राचे सामर्थ्य

हलत्या चित्रास तीन गोष्टी करता येतात, ज्या साध्या छायाचित्रास किंवा नुसत्या भाषणास साधत नाहीत. पहिली गोष्ट, ते जमीन उभी कापून दाखवू शकते. कलिंगडाची फोड काढावी तसा डोंगर कापला की आतील थर, त्यांतील पाणी व झऱ्याचे तोंड हे सारे एका दृष्टीत येते. दुसरी गोष्ट, ते काळ आवरून धरू शकते. मृगापासून वैशाखापर्यंत डोंगराच्या पोटातील पाणी कसे चढते व कसे उतरते, हे एका मिनिटात दाखविता येते. तिसरी गोष्ट, ते बारीक वस्तू मोठी करून दाखवू शकते. मुरुमाच्या दोन खड्यांमधील फट, त्यात अडकलेला पाण्याचा थेंब, पाण्याबरोबर जाणारी घाण हे सर्व स्पष्ट दिसते.

या साधनाची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट तयार केला होता. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून ते रोज थोडी थोडी चित्रे घेत गेले. महिन्याहून अधिक काळाची वाढ त्यांनी मिनिटभराच्या आसपास दाखविली. बियाण्यातून अंकुर फुटतो, पाने उलगडतात व वेल वर चढते, हे प्रेक्षकांनी एका बैठकीत पाहिले. चित्रपटाच्या धंद्यास भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी त्यांनी देवदेवतांचे नव्हे, तर पिकाचे चित्र निवडले ही गोष्ट कृषी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्या एक एक करून हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला व त्याच्या उभारणीस डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांचे साहाय्य लाभले.

पाण्याच्या विषयासाठीही हे साधन फार पूर्वी वापरले गेले आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेतील खेड्यांत दाखविण्यासाठी डिस्ने संस्थेने १९४३ साली 'वॉटर, फ्रेंड ऑर एनिमी' हा लघुपट तयार केला. पाणी हे मित्र केव्हा व शत्रू केव्हा, हे त्यात सांगितले आहे. शौचाची घाण झिरपून ओढ्यात व विहिरीत कशी पोहोचते आणि विहिरीस बांधीव कडे व झाकण असल्यास ती कशी सुरक्षित राहते, हे त्यातून लोकांस दिसले. झऱ्याच्या वरच्या अंगास गुरे बांधू नयेत व शौचास बसू नये, हे नुसते सांगून पटत नाही. पण घाणीचा काळा ठिपका खडकाच्या भेगेतून झऱ्यापर्यंत सरकताना पाहिला की वेगळे सांगावे लागत नाही.

परक्या डोंगराचे चित्र

या सामर्थ्यातच धोकाही आहे. हलते चित्र पाहणाऱ्यास ते खरेच वाटते. विस्तार कार्यात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका गावी हिवतापाचा चित्रपट दाखविला. पडद्यावर डास बैलाएवढा दिसला. लोक म्हणाले, "आमच्या गावी एवढाले डास नाहीत, तेव्हा आम्हांस भीती नाही." गोष्ट खरी असो वा नसो, तिचा बोध खरा आहे. वस्तू मोठी करून दाखविली असेल तर तसे सांगितले पाहिजे.

भूजलाच्या चित्रांत याहून मोठ्या चुका आढळतात. जमिनीखाली निळे तळे किंवा वाहती नदी काढलेली चित्रे सर्वत्र पाहावयास मिळतात. अशी चित्रे पाहून लोकांचा समज होतो की, पुरेसे खोल गेले म्हणजे पाणी लागणारच. मग गावोगाव कूपनलिका खोदल्या जातात. बेसॉल्टच्या प्रदेशात असे अखंड तळे नसते. पाणी असते ते भेगांत, सांध्यांत व मांजऱ्या थरांत, आणि तेही थोडके. डोंगरउतारावर झऱ्याच्या वर कूपनलिका घेतल्यास तोच साठा उपसला जाऊन झरा आटण्याचा संभव असतो. इतकेच नव्हे, तर वरच्या थरास धरून ठेवणारा कातळ नळीने भेदला गेला तर वरचे पाणी खालच्या थरात उतरून वाडीच्या हातचे जाऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे एका भागासाठी केलेले चित्र दुसऱ्या भागात जसेच्या तसे दाखविणे. पानी फाउंडेशन या संस्थेने २०१६ ते २०१९ या काळात 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा घेतली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव हे तीन तालुके निवडले होते. गावकऱ्यांच्या प्रशिक्षणात चित्रफितींचा व खेळांचा मोठा उपयोग करण्यात आला आणि गावांनी श्रमदानाने समपातळी चर, बांध व शेततळी केली. पाहिलेले लोकांनी हाताने करून दाखविले, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय. परंतु त्या स्पर्धेचा रोख दुष्काळाशी झुंजणाऱ्या गावांवर होता. जेथे पावसाचा प्रत्येक थेंब मुरविणे हाच पहिला उपाय, तेथे चराचे चित्र उत्तम. तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात कोठी आधीच भरलेली असताना आणखी पाणी मुरविण्याचा प्रयत्न निरुपयोगी ठरतो. प्रसंगी तो घातकही होऊ शकतो.

आंबेगाव तालुक्यास हे सांगण्याची आवश्यकता नसावी. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाण्याने जड झालेली माती उतारावर टिकत नाही, हा धडा त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन मिळाला. म्हणून तीव्र उतारावर, जाड मातीच्या थरावर किंवा घरांच्या वरच्या अंगास भूवैज्ञानिकाच्या सल्ल्यावाचून चर अथवा खड्डे खोदू नयेत. उतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवीन ठिकाणी पाणी फुटणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसताच वस्ती हलवून तहसील कार्यालयास कळवावे. पाण्याविषयीचा जो चित्रपट या भागात दाखविला जाईल, त्यात ही चिन्हे अवश्य असावीत. पाणी टंचाईचे चित्र एकीकडे व दरडीचे दुसरीकडे असे करून चालणार नाही, कारण दोन्ही गोष्टी त्याच डोंगरात व त्याच पाण्यामुळे घडतात.

तळेघरसाठी चित्रपटाची आखणी

तळेघर व त्याच्या आसपासच्या वाड्यांसाठी तीन-चार मिनिटांचा चित्रपट पुरेसा आहे. त्यात पुढील सहा देखावे असावेत.

पहिला देखावा : गावकरी रोज पाहतात तोच डोंगर दाखवावा. माथा, जंगल, हिरड्याची झाडे, भातखाचरे, वाडी, झरा व ओढा यांच्या जागा खऱ्याप्रमाणे असाव्यात. प्रेक्षकाने "हा आपलाच डोंगर" असे म्हटले पाहिजे.

दुसरा देखावा : डोंगर उभा कापला जातो. माती, मुरूम, मांजऱ्या खडक व कातळ वेगवेगळ्या रंगांत दिसतात. थर प्रत्यक्षापेक्षा मोठे काढले आहेत, असे निवेदनात सांगावे.

तिसरा देखावा : ज्येष्ठ व आषाढ. पाऊस पडतो, निळा रंग मुरुमात चढतो आणि कोठी लवकरच भरते. त्यानंतरचे पाणी ओढ्याने धावत निघून जाते.

चौथा देखावा : आश्विन ते वैशाख. महिन्यांची नावे एका कोपऱ्यात बदलत जातात, निळी पातळी खाली उतरते व झऱ्याची धार बारीक होत होत थांबते. हा देखावा सर्वांत सावकाश दाखवावा.

पाचवा देखावा : कोठीची हानी करणारी कामे. झऱ्यावर वृक्षतोड होते, पावसाने माती धुपून जाते व उघडा कातळ राहतो. वर खोदलेल्या कूपनलिकेमुळे झरा आटतो. गोठ्यातील घाण झऱ्यात उतरते. कड्याखालच्या उतारास भेग पडते.

सहावा देखावा : गावाने करावयाची कामे. झऱ्याच्या वरच्या अंगाचे जंगल राखणे, झऱ्याच्या तोंडाशी दगडी बांधणी करून झाकण बसविणे व ओव्हरफ्लोचे पाणी टाकीत घेणे, भातखाचरांचे बांध दुरुस्त ठेवणे, पावसाळा सरताना ओढ्यावर पोत्यांचे वनराई बंधारे घालणे, आणि छपरावरचे पाणी साठविणे. खाचरांचे बांध घालण्यासाठी या भागात एकमेकांस मदत करण्याची पडकईची जुनी रीत आहे. चित्रात बाहेरून आलेली यंत्रे दाखविण्याऐवजी पडकईचीच माणसे दाखविली, तर काम परके वाटणार नाही.

छपरावरच्या पाण्याचा हिशेब चित्रात अवश्य दाखवावा. सहा माणसांच्या कुटुंबास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर धरल्यास रोज ६० लिटर पाणी लागते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांसाठी ७,२०० लिटर पुरतात. ४० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पावसात १,२०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे छपरावर पडणाऱ्या पाण्याचा सोळावा हिस्सा साठविला तरी घरातील पिण्याची चिंता मिटते. डोंगराची कोठी लहान असेल, तर घराजवळ दुसरी कोठी बांधणे हाच सरळ मार्ग होय. मात्र पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, टाकीच्या तोंडास जाळी व घट्ट झाकण बसवावे, आणि पिण्यापूर्वी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे.

निवेदन पुस्तकी भाषेत नसावे. गावातील बोलीत, शक्य तर स्त्रीच्या आवाजात असावे, कारण पाणी भरण्याचे कष्ट स्त्रियाच सोसतात. आजी व नात यांच्या संवादातून विषय सहज मांडता येतो. नात विचारते, "आजी, एवढा पाऊस पडतो, मग ते पाणी जातं कुठं?" आजी म्हणते, "डोंगर पोटात घेतो गं पोरी, पण त्याचं पोट लहान हाये." एवढ्या दोन वाक्यांत भूशास्त्राचे एक प्रकरण येऊन जाते.

चित्रे तयार करण्याची रीत

असा चित्रपट करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आश्रमशाळेतील मुले व शिक्षक यांच्या मदतीने तो गावातच करता येतो. एका पाटावर जाड कागद चिकटवून त्यावर डोंगराचा छेद रंगवावा. पाऊस, पाण्याची पातळी, माणसे, गुरे व झाडे यांचे वेगवेगळे तुकडे कापून घ्यावेत. मोबाइल फोन पाटाच्या बरोबर वर लाकडी घोडीस घट्ट बांधावा. तो किंचितही हलता कामा नये. तुकडा थोडासा सरकवावा, चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावा, पुन्हा चित्र घ्यावे. अशी चित्रे क्रमाने जोडून हलती करण्याची विनामूल्य सोय मोबाइलवर मिळू शकते. एका सेकंदास सहा चित्रे घेतली तर तीन मिनिटांसाठी १,०८० चित्रे लागतात. चार-पाच दिवस रोज काही तास काम केल्यास ती पूर्ण होतात. उजेड सर्वकाळ सारखा राहावा म्हणून खिडकीच्या उन्हापेक्षा दिव्याचा उजेड वापरणे बरे.

चित्रे घेण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकास आराखडा दाखवून थरांची मांडणी बरोबर आहे की नाही ते विचारावे. तसेच गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांस झऱ्यांची माहिती विचारावी. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, पूर्वी कोठे पाणी होते व आता नाही, डोंगर कोठे फुगतो, हे त्यांना ठाऊक असते. मुलांनी ही माहिती गोळा करून चित्रात घातली की चित्र शास्त्राचे व गावाचे असे दोघांचेही होते. ते करता करता मुलांचे शिक्षण होते, हा आणखी एक लाभ.

दाखविल्यानंतरचे काम

चित्रपट दाखविला, टाळ्या पडल्या व लोक घरी गेले, तर काम निम्मेही झाले नाही असे समजावे. या बाबतीत पुण्याचाच एक जुना अनुभव मार्गदर्शक आहे. १९५६ साली युनेस्कोच्या सहकार्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित करण्यात आले. सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली होती. कार्यक्रम संपला की मंडळाने त्यावर चर्चा करावयाची व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, अशी पद्धत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. चर्चामंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात, अशी मंडळे नसलेल्या गावांच्या मानाने, पुष्कळच अधिक भर पडल्याचे तीत आढळून आले. साधन रेडिओचे असो की मोबाइलचे, माणसाचे मन बोलण्यातून व विचारण्यातून तयार होते, हा नियम बदललेला नाही.

म्हणून चित्रपट दोनदा दाखवावा. पहिल्या वेळी सलग दाखवावा. दुसऱ्या वेळी प्रत्येक देखाव्यानंतर थांबवून विचारावे : आपला झरा कोणत्या महिन्यात आटतो? त्याच्या वरच्या अंगास कोणाची जमीन आहे? तेथे काय चालते? चूक उत्तरास हसू नये. आवणीच्या दिवसांत कोणासही सवड नसते. तेव्हा पहिला खेळ चैत्रात, टंचाई डोळ्यांसमोर असताना, व दुसरा कार्तिकात, बंधारे घालण्याच्या वेळी ठेवावा. वीज नसल्यास भारित केलेला लहान प्रक्षेपक व भिंतीवर ताणलेले पांढरे धोतर पुरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींनी झऱ्यावर जावे. पडद्यावर पाहिलेला कातळ व मुरूम यांचा सांधा प्रत्यक्ष शोधावा. नंतर झरा मोजावा. १० लिटरची बादली धारेखाली धरून ती भरण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. ५० सेकंद लागले तर झऱ्याची धार मिनिटास १२ लिटर व दिवसास १७,२८० लिटर झाली. हीच मोजणी दर महिन्याच्या ठराविक तारखेस करावी. विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे आकडे शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. एक वर्षाने गावापाशी स्वतःच्या डोंगराची नाडी असेल. झऱ्याचे जंगल राखल्याने किंवा बंधारे घातल्याने फरक पडला की नाही, हे पुढील वर्षांत वादाने नव्हे तर आकड्यांनी ठरेल. एक वर्ष पाऊस कमी व दुसऱ्या वर्षी अधिक असतो, म्हणून पावसाची नोंदही सोबत ठेवावी. नाहीतर पावसाचे श्रेय बंधाऱ्यास व बंधाऱ्याचे अपयश पावसास दिले जाईल.

नोंदी झाल्या की पुढच्या वर्षी चित्रपटातील चौथा देखावा पुन्हा करावा. या वेळी निळी पातळी अंदाजाने नव्हे, तर गावाने स्वतः मोजलेल्या आकड्यांप्रमाणे खाली उतरवावी. मग ते चित्र कोणत्याही दुसऱ्या गावाचे राहत नाही. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांचे संरक्षण करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात आहे. परंतु कायदा झऱ्यावर पहारा करू शकत नाही. तो पहारा वाडीनेच केला पाहिजे. आणि ज्याचे रक्षण करावयाचे ते आधी डोळ्यांना दिसले पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या चैत्रापूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील एक वाडी व तिचा एक झरा निवडावा. भूवैज्ञानिकाकडून थरांची माहिती घ्यावी, शाळेच्या मुलांकरवी चित्रे करवून घ्यावीत आणि झऱ्याच्या मोजणीस त्याच महिन्यापासून आरंभ करावा. शेतकरी बंधुभगिनींनीही "आमच्या डोंगराचे चित्र दाखवा" असा आग्रह धरावा. दुसऱ्याच्या डोंगराचे सुंदर चित्र पाहून करमणूक होईल. आपल्या डोंगराचे साधे चित्र पाहून हंडा भरण्याची वाट सापडेल.